दाणेदार, तरी धारदार

जुन्या फोटोग्राफीच्या मार्गदर्शकांत एक ताकीद हमखास सापडत असे : 400 स्पीडचा ब्लॅक अँड व्हाइट रोल रॉडिनल या डेव्हलपरमध्ये धुऊ नये. रॉडिनल हे 25 किंवा 50 स्पीडच्या संथ, बारीक कणांच्या फिल्मसाठी. फास्ट फिल्म त्यात घातली की दाणे उसळून वर येतात. ताकीद खोटी नव्हती. पण अमेरिकेतल्या राल्फ गिब्सनने ती सरळ धुडकावली. डोरोथिया लँग आणि रॉबर्ट फ्रँक यांच्या हाताखाली उमेदवारी केलेला हा छायाचित्रकार कोडॅकचा ट्राय-एक्स रोल वापरायचा, त्याला सढळ हाताने एक्स्पोजर द्यायचा आणि रॉडिनलच्या 1+25 द्रावणात (एक भाग रॉडिनल, पंचवीस भाग पाणी) धुवायचा. 1970 साली आलेले त्याचे ‘द सोम्नॅम्ब्युलिस्ट’ हे पुस्तक चाळले की अर्धवट उघड्या दारातून येणारा हात दिसतो, गडद काळे आणि लख्ख पांढरे दिसते आणि दाणे तर लपवलेलेच नाहीत. तरीही त्या चित्रांना कोणी अस्पष्ट म्हणणार नाही. उलट, प्रत्येक कड कोरून काढल्यासारखी उमटली आहे.

फास्ट फिल्म धारदार डेव्हलपरमध्ये धुवायची तर हे आधी मनाशी पक्के करावे लागते. दाणे आणि धार एकाच वाटेने येतात. दाणे नकोत पण धार हवी, असा हट्ट धरणाऱ्याने 100 स्पीडचा रोल घालावा, ट्रायपॉड उभा करावा आणि हा नाद सोडावा. ज्याला हातात कॅमेरा धरून गल्लीत, बाजारात, पावसाळी उजेडात फोटो काढायचे आहेत आणि तरी निगेटिव्हमध्ये जीव हवा आहे, त्याच्यासाठी पुढचा मजकूर आहे.

रॉडिनलची गोष्ट छोटी आहे. बर्लिनमधल्या आग्फा कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ मोम्मे आंद्रेसेन यांनी 1891 साली त्याचे पेटंट घेतले. पॅरा-अमिनोफिनॉल हे त्यातले मुख्य द्रव्य, जोडीला पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि सल्फाइट. आजही बाजारात मिळणारा हा सर्वांत जुना फोटो डेव्हलपर. आग्फाफोटो 2005 मध्ये दिवाळखोरीत गेली, पण जर्मनीतल्या अॅडॉक्स कंपनीने तो चालू ठेवला. कधी ‘अॅडोनल’ नावाने, कधी मूळ नावाने. ‘आर 09 वन शॉट’ हाही त्याच घराण्यातला. बाटली उघडल्यावर द्रव हळूहळू काळपट तपकिरी होत जातो. नवखा माणूस तो पाहून घाबरतो आणि ओतून देतो. तसे करू नये. रंग बदलल्यानंतरही रॉडिनल वर्षानुवर्षे काम देतो, आणि वर्षाकाठी चार-सहा रोल धुणाऱ्या हौशी माणसाला हा गुण सोन्याच्या मोलाचा आहे.

धार येते कुठून, हे समजले की पुढच्या सगळ्या सूचना पाठ करायची गरज उरत नाही. कोडॅकचा डी-76 आणि इलफर्डचा आयडी-11 हे जगभर सर्वाधिक वापरले गेलेले डेव्हलपर. दोघांचा नुस्खा जवळपास सारखाच. लिटरमागे 2 ग्रॅम मेटॉल, 5 ग्रॅम हायड्रोक्विनोन, 2 ग्रॅम बोरॅक्स आणि तब्बल 100 ग्रॅम सोडियम सल्फाइट. इतके सल्फाइट असले की ते चांदीच्या कणांना किंचित विरघळवते. खडीसाखर तोंडात घोळवल्यावर तिचे कोपरे जसे गोल होतात, तसे कणांचे होते. दाणे मऊ दिसतात, चित्र गुळगुळीत होते, आणि त्याबरोबर कडाही थोड्या बोथट होतात. पातळ केलेल्या रॉडिनलमध्ये सल्फाइट नावापुरतेच उरते. कण जसेच्या तसे, टोकदार राहतात.

हे झाले अर्धे कारण. उरलेले अर्धे कडेवर घडते. समजा, फ्रेममध्ये काळ्या छपरामागे उजळ आकाश आहे. निगेटिव्हवर आकाशाचा भाग दाट असतो, छपराचा पातळ. दाट भागात डेव्हलपर झपाट्याने खर्ची पडतो आणि ब्रोमाइड बाहेर पडते. पातळ भागावरचा डेव्हलपर मात्र जवळपास ताजाच असतो. जिथे हे दोन भाग भेटतात तिथे ताजा डेव्हलपर दाट बाजूला झिरपतो आणि तिची कड आणखी दाट करतो. ब्रोमाइड उलट दिशेने सरकते आणि पातळ बाजूची कड आणखी पातळ ठेवते. परिणामी सीमेवर एक बारीक गडद आणि एक बारीक फिकी रेघ उमटते. त्यांना मॅकी रेषा म्हणतात. डोळा त्या रेघा सुट्या पाहत नाही. त्याला फक्त कड टोकदार झाल्यासारखी वाटते. आजचे फोटो सॉफ्टवेअर ‘शार्पन’ करते म्हणजे कडेवर असाच गडद-फिका पट्टा घालते, फरक इतकाच की इथे ते काम फिल्मच्या थरातच होते.

पण ही देवाणघेवाण व्हायला दोन अटी आहेत : डेव्हलपर पातळ हवा, म्हणजे तो दाट भागात खरोखर संपेल, आणि टँक कमी हलवायचा, म्हणजे संपलेल्या जागी लगेच ताजा येणार नाही. बाटलीवरचे नाव यानंतर येते. दाट रॉडिनल टँकमध्ये घालून तो दर अर्ध्या मिनिटाला जोरजोरात उलटापालटा करणाऱ्याला दाणे भरपूर मिळतील, धार मात्र पैशांच्या मानाने कमीच.

आता फिल्म. आजच्या घडीला 400 स्पीडमध्ये दोन नावे प्रमुख आहेत. कोडॅक ट्राय-एक्स 35 मिलिमीटरमध्ये 1954 साली आला. इलफर्डचा एचपी5 1976 मध्ये आला आणि 1989 पासून तो एचपी5 प्लस म्हणून इंग्लंडमधल्या मोबर्ली इथे तयार होतो. नावातली ‘एचपी’ अक्षरे त्याहून बरीच जुनी आहेत. दोन्ही जुन्या पद्धतीच्या कणांच्या फिल्म आहेत आणि रॉडिनलशी दोघींचे जमते. ट्राय-एक्स किंचित अधिक कडक, एचपी5 किंचित अधिक मवाळ. पहिल्यांदा करून पाहणाऱ्याने एचपी5 घ्यावी, कारण चुकीला ती अधिक माफ करते. टी-मॅक्स 400 आणि डेल्टा 400 या चपट्या कणांच्या फिल्म मुळातच बारीक आहेत, त्यामुळे रॉडिनलमध्येही त्यांचे दाणे आटोक्यात राहतात; मात्र वेळ आणि तापमानातली चूक त्या मुकाट सोसत नाहीत.

3200 चा आकडा मिरवणाऱ्या फिल्म इथे घेऊच नयेत, असे या लेखकाचे मत आहे. इलफर्ड डेल्टा 3200 चा मोजलेला वेग कंपनी स्वतःच आयएसओ 1000 सांगते. म्हणजे 3200 वर फोटो काढणे हे मुळात कमी एक्स्पोजर देऊन जास्त धुणे आहे. रॉडिनल सावल्यांतला तपशील काढण्यात तसाच कंजूष. दोघांची जोडी लावली की सावलीत काहीच उरत नाही आणि उजेडात नुसते दाणे नाचतात.

हाच कंजूषपणा 400 च्या फिल्मलाही थोडा लागू होतो. डी-76 च्या तुलनेत रॉडिनलमध्ये फिल्मचा खरा वेग अर्ध्या स्टॉपच्या आसपास घसरतो. म्हणून कॅमेऱ्यातले मीटर 400 ऐवजी 250 वर ठेवावे. ढगाळ दिवशी, सपाट उजेडात 320 चालेल. पण गिब्सनची नक्कल म्हणून पहिल्याच रोलला दोन-दोन स्टॉप जास्त देऊ नयेत. फास्ट फिल्मचा थर जाड असतो. जादा प्रकाश त्यात विखुरतो, आणि जी कड धारदार करायची तीच फुगते. सावलीपुरते एक्स्पोजर द्यावे आणि थांबावे. गिब्सनला दाट, कडक निगेटिव्ह हव्या होत्या आणि त्या छापायचे त्याचे स्वतःचे तंत्र होते.

कोणाचा रोल चुकून 1600 वर काढला गेला असेल, तर तो रॉडिनलच्या वाटेला जाऊ देऊ नये. मायक्रोफेन किंवा डीडी-एक्स हे त्या कामाचे डेव्हलपर.

महाराष्ट्रात घरी रोल धुणाऱ्याचा खरा शत्रू दाणे नव्हेत, नळाचे पाणी आहे. जगभरच्या वेळापत्रकांत 20 अंश सेल्सिअस गृहीत धरलेले असते. लंडनमध्ये नळाच्या गार पाण्यात थोडे गरम पाणी मिसळले की ते मिळते. नागपुरात मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्यात हात घालवत नाही, आणि मुंबईत पावसाळ्यातही पाणी 27-28 अंशांच्या खाली येत नाही. दर अंशामागे धुण्याची वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. एचपी5 प्लसला रॉडिनल 1+50 मध्ये 20 अंशांना 11 मिनिटे लागतात. तीच फिल्म 24 अंशांना साडेसात मिनिटांच्या आसपास आणि 26 अंशांना सहा मिनिटांत तयार होते. 1+25 घेतले तर 20 अंशांनाच 6 मिनिटे, म्हणजे 28 अंशांना तीनच मिनिटे. पाच मिनिटांच्या आत आटोपणारे डेव्हलपिंग समान होत नाही. आकाशात पट्टे आणि डाग उमटतात. शिवाय पाणी गरम असले की दाणेही वाढतात. म्हणून आपल्याकडे 1+50 हेच शहाणपणाचे प्रमाण, आणि तापमान शक्य तितके 20 ते 22 च्या दरम्यान आणावे.

त्यासाठी एसीची खोली लागत नाही. आदल्या रात्री दोन बाटल्या पाणी फ्रीजमध्ये ठेवावे. धुण्याच्या वेळी थंड आणि साधे पाणी मिसळून थर्मामीटरवर 20 आणावे. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नये. तो वितळताना प्रमाण बिघडवतो. बर्फ टबात घालावा आणि टबातल्या पाण्यात डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याच्या पाण्याची बाटली उभी करावी. टँकही विसरू नये. 32 अंशांच्या खोलीत ठेवलेला टँक आतल्या द्रावणाला दहा मिनिटांत दोन-तीन अंश तापवतो. हलवायची वेळ सोडून बाकी सगळा वेळ टँक टबात बसलेला असावा. फिक्सर आणि धुण्याचे पाणी डेव्हलपरपेक्षा दोन-तीन अंशांहून जास्त वेगळे असू नये. घाईत फ्रीजचे पाणी संपले म्हणून शेवटी नळाचे कढत पाणी सोडणे ही नेहमीची चूक आहे. आजच्या फिल्म पूर्वीपेक्षा कणखर आहेत, पण त्यांची परीक्षा कशाला घ्या?

बोअरचे जड पाणी हा दुसरा त्रास. क्षारांमुळे द्रावणात गढूळपणा येतो आणि वाळल्यावर फिल्मवर पांढरे ठिपके राहतात. एका रोलला 300 मिलिलिटर डेव्हलपर लागतो. तेवढ्यासाठी घरच्या आरओचे किंवा विकतचे डिस्टिल्ड पाणी सहज परवडते. शेवटच्या खंगाळणीलाही तेच वापरावे.

पॅटरसनच्या टँकमध्ये 35 मिलिमीटरच्या एका रोलला 290 मिलिलिटर द्रावण लागते. आकडा टँकच्या बुडावरच कोरलेला असतो. 300 मिलिलिटरसाठी 1+50 प्रमाणाने 6 मिलिलिटर रॉडिनल पुरतो. इतकी छोटी मात्रा मोजपात्राने मोजू नये. औषधाच्या दुकानात मिळणारी 10 मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज घ्यावी आणि तिच्यावर मार्करने ‘डेव्हलपर’ असे लिहून ठेवावे. एका रोलला पाच-सहा मिलिलिटरपेक्षा कमी मूळ द्रव पडू देऊ नये, मग द्रावण कितीही पातळ असो. 1+100 करायचे तर 600 मिलिलिटरचा मोठा टँक घ्यावा. छोट्या टँकमध्ये जेमतेम तीन मिलिलिटर पडतात आणि निगेटिव्ह काचेसारखी पातळ निघते.

मूळ द्रव कास्टिक आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यात थेंब उडाला तर वाहत्या पाण्याखाली डोळा धुवावा आणि डॉक्टर गाठावा. स्वयंपाकघरातली भांडी या कामाला लावू नयेत.

फिल्म रीलवर चढवताना आपल्या हवेचा तिसरा खोडा येतो. चेंजिंग बॅगमध्ये हात घालून पाच मिनिटे झाली की कोकणात काय किंवा मुंबईत काय, घामाने आतली हवा दमट होते आणि प्लॅस्टिकच्या रीलवर फिल्म अडकून बसते. ओढाओढ केली की नखाच्या आकाराचे चंद्रकोरीसारखे काळे डाग निगेटिव्हवर कायमचे राहतात. रील आदल्या दिवशीच धुऊन खडखडीत वाळवलेला असावा. फिल्मचे टोक कात्रीने सरळ कापून त्याचे दोन्ही कोपरे किंचित गोल करावेत. अडकलीच, तर फिल्म, रील आणि कोअर टँकमध्ये टाकून झाकण लावावे, हात बाहेर काढून पुसावेत, पंख्याखाली बसावे आणि मग पुन्हा सुरुवात करावी. सकाळी सहाच्या आत हे काम उरकणारे लोक शहाणे असतात.

मग मुख्य काम. टँकमध्ये द्रावण ओतताच घड्याळ सुरू. पहिला अर्धा मिनिट टँक सावकाश उलटासुलटा करावा, म्हणजे द्रावण सगळीकडे सारखे पोहोचते. मग ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटावा, हवेचे बुडबुडे सुटतात. त्यानंतर दर मिनिटाला एकदाच, पूर्ण आणि हळू उलटावा. तीन सेकंदांत खाली, तीन सेकंदांत वर, आणि परत टबात. इतक्या कमी हलवण्याने डेव्हलपिंग मंदावते, म्हणून छापील वेळेत दहा टक्के वाढवावेत : एचपी5 ला 20 अंशांना 11 च्या जागी 12 मिनिटे, ट्राय-एक्सला 13 च्या जागी 14 ते साडेचौदा. पहिल्या रोलनंतर हे आकडे आपापल्या थर्मामीटरप्रमाणे आणि हाताप्रमाणे बदलणारच.

यापुढे जाऊन दर तीन मिनिटांनी एकदा हलवणारेही आहेत. कडा आणखी ठळक होतात आणि उजळ भाग दाटायचे थांबतात. त्यामुळे कडक उन्हातला, अर्धी सावली अर्धे ऊन असा विषय चांगला सांभाळला जातो. दुपारी बाराच्या उन्हात दगडी वाड्यासमोर काढलेल्या रोलला ही पद्धत शोभते. ढगाळ दिवसाच्या रोलला नको; चित्र मरगळते. आणि 1+100 द्रावणात तासभर टँकला हातच न लावण्याची जी पद्धत आहे, तिचे कौतुक गरजेपेक्षा जास्त झाले आहे. न हललेले ब्रोमाइड फिल्मवरून खाली ओघळते आणि स्प्रॉकेटच्या छिद्रांपासून फ्रेममध्ये फिके पट्टे ओढते. एखाद्याला जमते, एखाद्याचा आकाशाचा फोटो कायमचा जातो. आयात केलेला महागडा रोल त्या जुगारावर लावण्यात अर्थ नाही. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ रोल बाजारातून जाऊन जमाना झाला. आज इथे मिळणारा प्रत्येक ब्लॅक अँड व्हाइट रोल परदेशातून येतो.

डेव्हलपर ओतून दिल्यावर साध्या पाण्याने एकदा खळबळून घ्यावे किंवा अॅसेटिक अॅसिडचा सौम्य स्टॉप बाथ द्यावा. रॉडिनल एकदाच वापरायचा असतो; उरलेले द्रावण ठेवून दुसऱ्या रोलला वापरू नये.

फिक्सिंगची वेळ अंदाजाने ठरवू नये. रीलवर चढवण्याआधी फिल्मचे बाहेर डोकावणारे टोक कापावेच लागते. त्याचा तुकडा फिक्सरच्या पेल्यात टाकावा आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे. त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्यावा, चपट्या कणांच्या फिल्मला तिप्पट. साध्या हायपोच्या स्फटिकांपासून केलेला फिक्सरही चालतो, पण तो सावकाश काम करतो आणि उन्हाळ्यात लवकर थकतो. रॅपिड फिक्सर घेतलेला बरा.

धुण्यासाठी इलफर्डची पद्धत आपल्या पाणीटंचाईच्या दिवसांना अगदी योग्य आहे. टँक पाण्याने भरायचा, पाच वेळा उलटायचा, पाणी ओतायचे. पुन्हा भरून दहा वेळा. पुन्हा भरून वीस वेळा. संपले. अर्धा तास नळ चालू ठेवायची गरज नाही. शेवटी डिस्टिल्ड पाण्यात वेटिंग एजंटचे दोन थेंब घालून त्यात मिनिटभर बुडवावे आणि बाथरूममध्ये चिमटा लावून टांगावे. पंखा बंद, खिडकी बंद. रॉडिनलच्या धारदार निगेटिव्हवर धूळही तितकीच धारदार दिसते.

वाळलेली निगेटिव्ह कशी पारखायची? ती वर्तमानपत्राच्या छापील मजकुरावर ठेवावी. सर्वांत काळ्या भागातून अक्षरे जेमतेम वाचता आली, तर डेव्हलपिंग ठीक. अजिबात दिसली नाहीत, तर पुढच्या वेळी एक मिनिट कमी करावे. मग सावली पाहावी : झाडाखालच्या अंधारात, दाराच्या आत काही तपशील आहे का? तिथे फिल्म कोरी असेल, तर वेळ वाढवून काही उपयोग नाही. पुढचा रोल 200 वर काढावा. सावली एक्स्पोजरने सुधारते आणि उजळ भाग डेव्हलपिंगच्या वेळेने आवरतो, एवढे लक्षात ठेवले की बहुतेक गोंधळ मिटतो. भिंगातून कडा पाहताना हेही आठवावे की हाललेला कॅमेरा आणि चुकलेला फोकस कोणताही डेव्हलपर दुरुस्त करत नाही. पहिल्या चाचणीसाठी कॅमेरा कशावर तरी टेकवून विटांची भिंत, दुकानाची पाटी, निष्पर्ण झाडाच्या फांद्या असे विषय घ्यावेत आणि शटर 1/250 च्या खाली आणू नये.

स्कॅन करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. स्कॅनरमधले शार्पनिंग आपोआप चालू असते. ते बंद करावे. कडेवर आधीच असलेल्या मॅकी रेषेवर यंत्र दुसरी रेषा काढते, दाणे खडबडीत होतात आणि मग दोष रॉडिनलला लागतो. ‘याचे दाणे सोसवत नाहीत’ अशा तक्रारी मुख्यतः स्कॅनरच्या असतात. एन्लार्जरवर 8 बाय 10 इंचांचा प्रिंट काढून पाहिला की तेच दाणे शिस्तीत बसलेले दिसतात. 120 चा रोल वापरणाऱ्याला तर ही भीती निम्म्याने कमी; निगेटिव्ह मोठी, म्हणून वाढवायची कमी.

रॉडिनल मिळाला नाही तर? पर्याय आहेत, आणि काही त्याच्यापेक्षा फास्ट फिल्मला अधिक मानवतात. जेफ्री क्रॉली हे ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’चे संपादक आणि डेव्हलपरच्या नुस्ख्यांचे उस्ताद होते.  त्यांच्या एफएक्स मालिकेतला एफएक्स-39 आज अॅडॉक्स बनवते. धार चांगली, दाणे रॉडिनलपेक्षा बारीक, वेगही कमी घसरतो. टी-मॅक्स किंवा डेल्टा 400 वापरणाऱ्याने तोच घ्यावा.

स्वतः रसायने तोलणाऱ्यांसाठी विली बॉयटलरचा जुना नुस्खा आहे. पहिल्या बाटलीत लिटरमागे 10 ग्रॅम मेटॉल आणि 50 ग्रॅम सुके सोडियम सल्फाइट, दुसरीत 50 ग्रॅम सुका सोडियम कार्बोनेट; वापरताना दोन्हींचा एकेक भाग आणि आठ भाग पाणी. प्रत्यक्ष द्रावणात सल्फाइट लिटरला अवघे 5 ग्रॅम. डी-76 मधल्या 100 ग्रॅमशी ताडून पाहावे. हा नुस्खा संथ फिल्मसाठी रचलेला, पण 400 च्या फिल्मवरही धार दाखवतो. वेळ मात्र रोलचे तुकडे धुऊन शोधावी लागते.

सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय म्हणजे घरात असलेला आयडी-11 किंवा डी-76 पातळ करणे. 1+3 केला की सल्फाइट 100 वरून 25 ग्रॅमवर येते आणि कणांचे विरघळणे जवळपास थांबते. एचपी5 ला इलफर्डच्या तक्त्याप्रमाणे 20 अंशांना 20 मिनिटे. वेळ लांब, म्हणून चुकीला वाव कमी, आणि आपल्या गरम पाण्यात 24 अंशांनाही ती तेरा-चौदा मिनिटांच्या आसपास राहते. सावलीतला तपशील रॉडिनलपेक्षा बरा. धार थोडी कमी, पण बहुतेकांना ती पुरेल.

पॅरासिटामॉलच्या गोळ्या, कास्टिक सोडा आणि सल्फाइट यांपासून घरगुती ‘पॅरोडिनल’ही होतो, गोळीतले द्रव्य कास्टिकमध्ये फुटून पॅरा-अमिनोफिनॉल तयार होते. रसायनशास्त्र पक्के आहे. पण कास्टिक सोडा पाण्यात पडताच उकळल्यासारखा तापतो, आणि गोळीतला स्टार्च गाळत बसावा लागतो. प्रयोगशाळेची सवय नसलेल्याने त्या भानगडीत पडू नये. रॉडिनलमध्ये मूठभर सल्फाइट घालून दाणे बारीक करण्याची जी टूम आहे, तीही निरर्थक. गुळगुळीत चित्र हवे तर आयडी-11 मूळ द्रावणात वापरावा. धारदार डेव्हलपर घेऊन त्याची धार घालवायची हा उलटा व्यापार झाला.

पहिला रोल लग्नाचा किंवा प्रवासाचा असू नये. एक रोल घराच्या आसपास काढावा, तो अंधारात तीन तुकड्यांत कापून प्रत्येक तुकडा वेगळ्या वेळेला धुवावा : 10, 12 आणि 14 मिनिटे. तापमान आणि हलवण्याची पद्धत तिन्हींना तीच. असे केले की आपल्या पाण्याला आणि आपल्या मीटरला कोणती वेळ जुळते ते एका दिवसात कळते, आणि ती वहीत लिहून ठेवली की वर्षभर पुन्हा विचार करावा लागत नाही. 500 मिलिलिटरची बाटली रोलमागे 6 मिलिलिटर या हिशेबाने ऐंशीपेक्षा जास्त रोल धुते.

वापरलेला डेव्हलपर भरपूर पाण्याबरोबर शहराच्या गटारात सोडता येतो. फिक्सरचे तसे नाही. त्यात विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना विषारी आहे. विहीर, शोषखड्डा किंवा बागेतले आळे यांत तो कधीही ओतू नये. एका कॅनमध्ये साठवावा. एक्स-रे फिल्मचा वापरलेला फिक्सर चांदी काढण्यासाठी विकत घेणारे लोक मोठ्या शहरांत असतात. जवळच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये चौकशी करावी आणि कॅन भरला की त्यांच्याकडे पोहोचवावा.